ड्रमर कुणाच्या बाजूचा?

लिडिया हुडाकनं शिवणकामाच्या दुकानाचं कुलूप काढलं, चावी पर्समध्ये टाकायला वळली, आणि तिच्या समोर यँकी ड्रमर उभा.

नदीवरून भुरभुर पाऊस येत होता. त्यात पोलाद कारखान्याचा धूर मिसळून ग्रेशम फेरी या अमेरिकी गावाची ती गल्ली सकाळी सकाळीच राखाडी झाली होती. आणि त्या राखाडीत हा निळाभोर कोट, छातीवर पांढरी चांदणी, डोळ्यांपासून नाकाच्या शेंड्यापर्यंत निळा मुखवटा. ड्रम गळ्यात अडकवून पोटावर घ्यायचा असतो. यानं मात्र तो पाठीमागे सरकवून, दोन्ही हातांनी खाली दाबून धरला होता.

"दुकान... उघडं आहे?" तो जवळजवळ कुजबुजलाच.

"आज स्मरणदिनाची सुट्टी आहे. मी पपांचा कोट न्यायला आलेय."

"मग नुसता सुईदोरा मिळाला तरी..."

"कशाला?"

तो ड्रम बाजूला करीना. मग लिडियाच्या ध्यानात आलं आणि तिनं ओठ दाताखाली धरले.

यँकी ड्रमर कोण, हे त्या गावात कुणाला सांगावं लागत नसे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात रंगीत चित्रांच्या पुस्तकांतून तो जन्मला होता. त्यानं ड्रम वाजवला की शत्रूच्या भिंती कोसळत आणि दमलेले शिपाई उठून चालू लागत. लिडियाचे वडील स्टीफन हुडाक तेव्हा युरोपात लढत होते, ती पुस्तकं त्यांनी तिकडे वाचली होती. आता ते गावातल्या माजी सैनिकांच्या हॉलचे अध्यक्ष होते. शहीद सैनिकांच्या स्मरणदिनाला हॉलची मिरवणूक निघायची आणि तिच्या पुढे ड्रमर चालायचा. पोशाखात कोण आहे हे एकट्या हुडाकना ठाऊक असायचं. मुलांना ड्रमरचा चेहरा दिसता कामा नये, हा त्यांचाच नियम.

लिडियानं त्याला पडद्यामागे पाठवलं. पडद्यावरून पांढरी तंग विजार बाहेर आली. शिवण मागून चांगली वीतभर उसवली होती. आत तो बहुधा कुणाचा तरी इस्त्रीला आलेला टेबलक्लॉथ गुंडाळून उभा असावा. लिडिया शिवत असताना पडद्याआडून शब्द नाही, नुसता पावसाचा आवाज. तिनं विचारलं, मुखवटा ओला झाला असेल, पुसून देऊ का? पडद्याआडून एक हात आला आणि नको म्हणून हलला. लांब बोटं होती. नखांखाली थोडं काळं.

जाताना त्यानं मान झुकवली, "उपकार झाले" एवढंच म्हणाला आणि ड्रम पोटावर घेऊन ताठ चालत गेला.

दुपारी फुटपाथवर ती मिरवणूक बघत उभी होती. शेजारी बाबिचबाई, दुकानाच्या मालकीण, घडीच्या खुर्चीवर बसल्या होत्या. पुढे ड्रमर, त्याच्या मागे छातीवर पदकं लावलेले पपा. पपांनी चौकात थांबून व्हिएतनामच्या युद्धात मारल्या गेलेल्या गावच्या मुलांची नावं वाचली आणि ड्रमरनं प्रत्येक नावानंतर एकच ठोका दिला. कुणी खोकलंसुद्धा नाही. आणि पुढे निघताना ड्रमरनं तिच्यासमोर हातातली काठी किंचित... अगदी किंचित वर केली.

"तुला केलं ते," बाबिचबाई म्हणाल्या.

"छे. सगळ्यांना केलं."

"सगळ्यांना करायला काठी एवढी थरथरत नाही."

पुढच्या शनिवारी बटणं आणि अस्तराचं कापड आणायला लिडिया पूल ओलांडून पलीकडच्या कॉलेजच्या गावात गेली. येताना उकडत होतं म्हणून तिनं लाल सरबताचा बर्फाचा गोळा घेतला. तो चोखत ती कॉलेजच्या हिरवळीपाशी आली आणि जागच्या जागी थबकली.

युद्धाविरुद्धचा मोर्चा होता. लांब केसांची मुलं, अनवाणी मुली, मुलाचा फोटो छातीशी धरलेली एक पोक्त बाई. आणि सगळ्यांच्या पुढे यँकी ड्रमर. तोच निळा कोट, तीच चांदणी. ड्रम बडवत तो ओरडत होता, "भावांना घरी आणा!"

लिडियाच्या कानशिलांत काहीतरी तडतडलं. आपल्या घरातली वस्तू परक्यानं उचलून बाजारात मांडावी तसं तिला झालं. मोर्चा थांबून लोक पांगायला लागेपर्यंत तिनं कसाबसा धीर धरला, मग सरळ त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"हा पोशाख उतरवा."

"इथे? सगळ्यांसमोर?" त्याचा आवाज मोकळा होता, त्यात हसू होतं.

तिचे कान लाल झाले. पण ती हटली नाही. ड्रमर आमच्या गावचा आहे, तिनं बजावलं, तो सैनिकांपुढे चालतो, तुमच्यासारख्यांपुढे नाही.

"आमच्यासारखे म्हणजे कसे?"

तिनं हातातल्या गोळ्यानंच त्या गर्दीकडे खूण केली. काडीवरचा बर्फ निसटला आणि त्याच्या निळ्या बाहीवर लालभडक ओघळ उतरला. नेमकी तेव्हाच ती फोटोवाली बाई दोघांच्या मधून गेली. फोटोतला मुलगा सैनिकी टोपीत होता.

"बाही मी धुऊन देईन," ती शेवटी पुटपुटली.

"राहू दे. तेवढीच ओळख."

तो पुलापर्यंत तिच्याबरोबर चालत आला. मुखवटा काढत नव्हता. इथे फोटो काढणारे असतात, म्हणाला, ओळखला गेलो तर नोकरी जाईल. बाकी मात्र अखंड बोलत होता. नदीतल्या मालवाहू होड्यांना त्यानं गावातल्या म्हाताऱ्यांची नावं ठेवली होती. ती हसू दाबत होती, ते तिला जमत नव्हतं आणि याचाही तिला राग येत होता.

"तुमच्या गावचा ड्रमर कसा आहे?" त्यानं मध्येच विचारलं.

"सभ्य आहे. कमी बोलतो."

"म्हणजे माझ्यापेक्षा बरा?"

"कमी बोलतो म्हणजे बराच असणार."

"आणि दिसायला?"

"मुखवट्यात दोघं सारखेच दिसता."

यावर तो म्हणाला, "मला त्याचा हेवा वाटतो." लिडियानं पावलं भराभर उचलली. पुलावर वारा होता तरी तिचे गाल गरम होते.

त्यानंतर तीन शनिवार बटणं संपली. निदान बाबिचबाईंना तिनं तसं सांगितलं. पुलावर तो भेटायचा, मुखवट्यात, बाहीवरच्या फिकट लाल डागासकट. दोघं बोलायचे, भांडायचे, अहोजाहो कधी गळून पडलं ते कळलंही नाही. आणि घरी आली की तिला आठवायचा तो दुसरा, पडद्यामागे गप्प उभा राहिलेला, एकेका नावाला एकेक ठोका देणारा. एक पपांच्या बाजूचा, एक पपांच्या विरुद्ध. एकाचं वागणं मनात रुतलं होतं, एकाचं हसणं. तिला स्वतःचीच लाज वाटायला लागली. शेवटी तिनं एका मैत्रिणीची गोष्ट म्हणून सगळं बाबिचबाईंना सांगितलं.

बाई इस्त्री फिरवत राहिल्या. "दुकानात धड एक गिऱ्हाईक येत नाही," त्या म्हणाल्या, "आणि तुझ्या मैत्रिणीला ड्रमर दोन."

चार जुलै, देशाचा स्वातंत्र्यदिन, जवळ आला. त्या दिवशीही मिरवणूक असायची. आठवडाभर आधी एक तरुण दुकानात आला आणि कागदात गुंडाळलेलं गाठोडं त्यानं मेजावर ठेवलं. लिडियानं त्याला ओळखलं. एमिल साबो, शाळेत तिच्या दोन वर्ग पुढे होता, बँडमध्ये वाजवायचा, आता नदीकाठच्या पेट्रोल पंपावर होता. हॉलकडून आलोय, तो हळूच म्हणाला, ड्रमरचा पोशाख धुवायचाय. गाठोडं इथे आणायची त्याची मुळीच इच्छा नसावी, इतका तो अवघडला होता.

लिडियानं त्याची लांब बोटं पाहिली. म्हणजे गप्प राहणारा तो हा. तिनं विजार उलगडली. मागे तिचीच शिवण. मग कोट उलगडला. बाहीवर फिकट लाल ओघळ.

तिनं शिवणीकडे पाहिलं. डागाकडे पाहिलं. पुन्हा शिवणीकडे पाहिलं.

"एकच," ती म्हणाली.

"हो."

"मग पहिल्या दिवशी तू बोलला का नाहीस?"

"विजार फाटली होती माझी. त्या अवस्थेत माणूस किती बोलणार?"

तिला हसावं की कोट त्याच्या तोंडावर फेकावा ते कळेना. तिनं कोट फेकला. मग रडायला आलं, मग राग आला की महिनाभर आपण उगाचच दोघांत जीव अडकवून बसलो. आणि या सगळ्याच्या तळाशी, निर्लज्जासारखी, सुटल्याची भावना. नाक पुसून तिनं विचारलं, "यातला खरा कोणता?"

एमिल कोटाची घडी घालत राहिला. त्याचा धाकटा भाऊ इम्रे व्हिएतनाममध्ये होता. सैन्यात कुणी जायचं ते सरकार जन्मतारखांच्या चिठ्ठ्या काढून ठरवत होतं. इम्रेची तारीख सुरुवातीलाच निघाली, एमिलची पार तळाला राहिली. एवढ्यानं एक भाऊ तिकडे गेला आणि एक पंपावर उरला.

"तो तिकडे आहे त्याचा मान राखला जावा असं मला वाटतं," एमिल म्हणाला. "म्हणून मी तुझ्या पपांपुढे चालतो. आणि तो परत यावा असंही वाटतं, म्हणून तिकडे चालतो. दोन्हीकडचे म्हणतात, असं चालत नाही, एक बाजू घे. माझं काही चुकतंय का, लिडिया? मला खरंच कळत नाही."

तिनं मेजावरचा त्याचा हात धरला. नखांखाली काळं तसंच होतं.

घोळ पुढेच होता. मोर्चातल्या ड्रमरचा फोटो वर्तमानपत्रात आला आणि पपा तो हातात नाचवत घरी आले. त्यांनी ठरवून टाकलं. स्वातंत्र्यदिनाला खरा ड्रमर चौकात सगळ्यांसमोर सांगेल की तो पलीकडचा तोतया आहे, देशाचा शत्रू आहे. वाक्यंही त्यांनी लिहून काढली. तिकडे विद्यार्थ्यांनीही ठरवलं होतं. त्याच सकाळी ड्रमरला पुढे घालून पूल ओलांडायचा आणि मिरवणुकीसमोर उभं राहायचं. दोन्हीकडच्यांना ड्रमर हवा होता, एकाच वेळी, एकाच चौकात, एकमेकांसमोर.

आजारी पड, लिडिया म्हणाली. एमिलनं नकारार्थी मान हलवली. मी नसलो तर तुझे पपा दुसऱ्या कुणाला पोशाख चढवतील आणि तो ती वाक्यं बोलेल. आणि पलीकडे एखादा तापट पोरगा चांदणी रंगवून पुढे झाला तर दगड उडतील.

"तू पपांकडे थांब," लिडियानं थोडा विचार करून सांगितलं. "मी दुसरा पोशाख शिवते. पलीकडे घालायला माझ्याकडे एक माणूस आहे. तो दगड उडू देणार नाही."

"कोण?"

"आहे एक. कमी बोलतो."

एमिलचा चेहरा पडला. तो तिनं मन भरून पाहून घेतला.

त्या सकाळी ऊन लख्ख होतं. चौकात ग्रेशम फेरीची मिरवणूक आली आणि पुलावरून मोर्चा उतरला. मधे रस्त्याचा एवढासा तुकडा. या बाजूला ड्रमर, त्या बाजूला ड्रमर. पलीकडचा जरा बुटका होता, त्याचा कोट मात्र नवा कोरा, अंगावर बेतलेला. त्याला ड्रम वाजवता येत नव्हता, काठ्या नुसत्याच हातात धरल्या होत्या. फुटपाथवर बापाच्या खांद्यावर बसलेली एक पोर दोघांकडे आळीपाळीनं बघून रडायलाच लागली.

पपा पुढे झाले. "बोल," त्यांनी आपल्या ड्रमरला सांगितलं.

एमिलनं तोंड उघडलं. मिटलं. मग मुखवटा काढून हातात घेतला. "साहेब, मला ते बोलता येणार नाही. त्या फोटोत मीच होतो."

हॉलच्या रांगांतून गलका उठला. पपांनी हात वर केला. त्यांनी पलीकडच्या ड्रमरकडे बोट केलं. "मग हा कोण?"

लिडियानं मुखवटा वर सरकवला. घामानं केस कपाळाला चिकटले होते.

एमिलच्या हातातली काठी खाली पडली. पपा मात्र जागचे हलले नाहीत. तिला लहानपणी हाक मारायचे त्या नावानं त्यांनी तिला हाक मारली, अगदी हळू. "लिडका... तू कुणाच्या बाजूची?"

तिनं रात्रभर चांगली उत्तरं घोकली होती. त्यातलं एकही आठवेना. "मला माहीत नाही, पपा. तुमच्या. आणि यांच्याही. मला खरंच माहीत नाही."

मागून मोर्चातलं कुणीतरी ओरडलं की या मुलीनं आपल्याला फसवलं. पुढून हॉलमधलं कुणीतरी ओरडलं की हुडाक, घर सांभाळ आधी. आणि या आरड्याओरड्यातून ती फोटोवाली बाई पुढे आली. फोटो पुढे धरून लिडियाच्या शेजारी उभी राहिली.

पपांनी फोटो पाहिला. तो मुलगा त्यांच्या गावचाच होता. स्मरणदिनाला त्याचं नाव त्यांनीच वाचलं होतं.

त्यांनी डोक्यावरची टोपी काढली. बराच वेळ ते तिच्या काठावरून अंगठा फिरवत राहिले. "खंदकात आम्ही हे ड्रमरचं पुस्तक वाचायचो," ते म्हणाले, बाईंना की लिडियाला की कुणालाच नाही. "लोकांना वाटतं, त्यानं आम्हाला लढायला जोर यायचा. जोर कसला... त्यातल्या जाहिरातींची पानं आम्ही आधी उघडायचो. सायकली, केक, बूट. घरचं काहीतरी दिसायचं."

एवढं बोलल्याचं त्यांना स्वतःलाच नवल वाटलं असावं. त्यांनी टोपी घातली, बाईंना वाट देत बाजूनं चालायला लागले. मागे बँडला काही कळेना, तो निम्मा वाजला, निम्मा थांबला. मिरवणूक रस्त्याच्या उजवीकडून सरकली, मोर्चा डावीकडून. अरुंद बोळात दोन वराती समोरासमोर याव्यात तसे लोक एकमेकांना चुकवत, धक्के देत, कुणी शिव्या घालत, कुणी "जपून हो" म्हणत पुढे गेले. कोण जिंकलं ते कुणालाच सांगता आलं नसतं. दगड मात्र उडाला नाही.

दुपारपर्यंत हॉलनं एमिलला काढून टाकलं. विद्यार्थ्यांनी त्याला दुतोंड्या ठरवलं. पपा जेवायला बसले आणि लिडियाशी बोलले नाहीत. पण पिरोगीच्या करंज्यांचं भांडं त्यांनी तिच्याकडे सरकवलं, त्यातल्या भाजलेल्या कडेच्या तिला आवडतात म्हणून.

सूर्य बुडता बुडता ती घराबाहेर पडली. एमिल नदीकाठच्या धक्क्यावर पाय सोडून बसला होता. पलीकडच्या तीरावर फटाक्यांची तयारी चालली होती. ती त्याच्या शेजारी बसली.

"तो कमी बोलणारा," तो म्हणाला, "मला सांगायचंस तरी."

"तू सांगितलं होतंस?"

तो हसला. मग हसू ओसरलं. इम्रेचं काय होईल ते माहीत नव्हतं, नोकरी राहील का माहीत नव्हतं, उद्या गावात कोण ओळख दाखवेल तेही माहीत नव्हतं. त्यानं हे सगळं एकामागून एक सांगितलं आणि विचारलं, "तुला काही कळतंय का यातलं?"

"काहीच नाही," लिडिया म्हणाली. तिनं पाण्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "एकच कळतं. माझं... तुझ्यावर प्रेम आहे."

नेमका पहिला फटाका फुटला. नदी क्षणभर हिरवी झाली.

"काय?" एमिलनं कानाशी हात नेला.

"माझं तुझ्यावर प्रेम आहे."

"आवाजात काही ऐकू येत नाही."

लिडियानं श्वास घेतला आणि जिवाच्या आकांतानं ओरडून सांगितलं. अन् नेमके त्याच वेळी फटाके थांबले. धक्क्यावर घडीच्या खुर्च्या टाकून बसलेलं निम्मं गाव वळून बघायला लागलं.

"त्याला पहिल्यांदाच ऐकू आलं होतं गं," मागून बाबिचबाईंचा आवाज आला. "चावट आहे तो."

लिडियानं एमिलकडे पाहिलं. तो खालमानेनं, कानापर्यंत लाल होऊन, हसत होता.

"आता तुझी पाळी," ती म्हणाली. "आणि मोठ्यानं."